अर्धा र

बर्डीवर, कूलरच्या ताट्या विकणाऱ्या दुकानाच्या डोक्यावर
आमचं ऑफिस: दोन खोल्या, सहा खुर्च्या,
त्यातली एक डुगडुगती,
आणि मे महिना.

पाणीपट्टीच्या यादीत कुऱ्हाडे आडनावाची तीनशे बारा माणसं.
त्यातली एकशे चार सापडेनात.
पडद्यावर दिसायची, शोधलं की नसायची.
तीन दिवस मी त्यांच्या मागे.
चौथ्या दिवशी लाइट गेली.

लाइट गेली की मजल्यावरची तिन्ही ऑफिसं
जिन्यात येऊन बसत,
तिथेच जरा झुळूक असायची.
सुकेशिनी गजभिये पलीकडच्या ऑफिसातली.
कागदाने वारा घेत म्हणाली,
"काऊन बे, तोंड काऊन पाडलं?"

सांगितलं.
हसली नाही ती. म्हणाली,
"अर्धा र दोन तऱ्हेनं लिहितात भाऊ.
एक साधा, बिंदीवाला.
दुसरा पाय मोडलेला, अन् त्याच्या मागं
एक न दिसणारं अक्षर चिकटलेलं.
डोळ्याले दोघंही सारखे.
मशीनले दोन वेगळे माणसं."

मग कोणाच्यातरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर
सात ओळी लिहून दिल्या.
जागा संपली म्हणून सातवी ओळ
कडेने उभी चढली, वेलीसारखी.

लाइट आल्यावर चालवल्या.
एकशे चार कुऱ्हाडे एकदम घरी परतले,
थकबाकीसकट.

मी म्हटलं, चहा?
ती म्हणाली, "एवढ्याशा कामाचा चहा?
तर्री पोहे चार.
अन् पुढं कोणी अडलं, तर देजो त्याले."

पोहे चारले.
ओळी मात्र कोणाला दिल्या नाहीत.

खरं सांगायचं तर लाज वाटते.
आमच्या गल्लीत बाया
विरजणाला चमचाभर दही देतात,
कढई देतात, लग्नाला सतरंज्या देतात,
आणि मला सात ओळी देववेनात.
ऑफिसात मी कुऱ्हाडे सापडवणारा माणूस झालो होतो.
वर्षभर तेवढ्यावर तोरा.
हिंगण्याहून एका पोराने फोन केला, नाव अडलंय म्हणून.
मी म्हटलं, बघतो.
पाहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तोच पोरगा,
यशपाल उईके, आमच्याकडे नोकरीला लागला.
डुगडुगती खुर्ची त्याच्या वाट्याला.
पहिल्याच दिवशी मी मोठ्या मनाचा आव आणून
ड्रॉवरमधली ती पत्रिका काढली.

"आहे सर माझ्याजवळ," तो म्हणाला,
आणि उघडून दाखवली.

नऊ ओळी.
वर बारीक अक्षरात टीप:
*गजभिये ताई, बर्डी. लाइट गेली तेव्हा.*

आठवी तुमसरच्या त्याच्या मावसभावाची:
कधीकधी ते न दिसणारं अक्षर
दोनदा चिकटलेलं असतं म्हणून.
नववी कोणाची, त्याला ठाऊक नव्हतं.
फिरत फिरत कुठेतरी लागली होती अंगाला,
शेतातून चालताना कुसळं लागतात तशी.

मी काही बोललो नाही.
त्याच्या नऊ ओळी माझ्या यादीवर चालवल्या.

आणखी अकरा कुऱ्हाडे निघाले.

वर्षभर माझ्याच यादीत होते,
माझ्याच नाकासमोर, हजर असून गैरहजर.
त्यातल्या एक सरुबाई, राहणार नंदनवन:
पाणीपट्टी दर वेळी तारखेच्या आत भरलेली,
आणि आम्ही त्यांना
तीन नोटिसा धाडलेल्या.

यशपालने विचारलं, "काय झालं सर?"
मी म्हटलं, काही नाही.
मग म्हटलं, झालं. आणि सांगितलं.

त्या संध्याकाळी नंदनवनात जाऊन आलो.
सरुबाईंनी तिन्ही नोटिसा
घडी करून डब्यात ठेवल्या होत्या.
पाणी दिलं प्यायला.

लाइट अजून जाते.
आता जिन्यात उतरताना
मी खिशात पेन ठेवतो.